पंपघराची परीक्षा

चिंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी कुणीतरी लाडानं हाक मारली आणि ती अशी चिकटली, की लग्न झालं, मुलगी शिकायला परगावी गेली, कानाशेजारचे केस पांढरे झाले, तरी गल्लीतल्या बायका कपडे शिवायला टाकताना "चिंगी, बाही जरा सैल ठेव गं" असंच म्हणायच्या. तिच्या नवऱ्याला मात्र सगळे ऑपरेटर म्हणत. बाटल्या भरायच्या कारखान्यात तो मोठ्या यंत्रावर होता, आणि गल्लीत कुणाचा पंखा अडला, कुणाची मोटार बंद पडली, की आधी त्याच्या दाराची कडी वाजायची.

त्या सकाळी ऑपरेटर नेहमीसारखा पहिल्या पाळीला निघाला. चिंगीनं डबा भरून पिशवीत ठेवला, पिशवी हातात दिली.

"आज जरा उशीर होईल," चपला शोधत तो म्हणाला.

"होऊ दे की," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. उशीर तिलाही होणार होता.

तो कोपऱ्यावरून वळलेला दिसला मात्र, तिनं झटपट आवरलं, कापडाच्या गठ्ठ्याखाली दडवलेलं परीक्षेचं प्रवेशपत्र काढलं आणि घराला कुलूप ठोकलं.

प्रकरण असं होतं. पाणीपुरवठा खात्याला पंपघरात काम करायला माणसं हवी होती. शिक्षणाची मोठी अट नव्हती. एक लेखी चाचणी तेवढी पास व्हायची. कप्पी, तरफ, दातेरी चाकं, पाण्याचा दाब, असलं यंत्रांतलं साधं डोकं आहे की नाही ते बघायचं. चिंगीनं ही बातमी जेवताना सांगितली होती. म्हणाली होती, "मी भरू का अर्ज?" ऑपरेटर हसला होता. वाईट बोलला नव्हता, नुसता हसला होता. "तू? पंपावर? अगं, बॉबिन भरण्याइतकं सोपं नसतं ते." आणि पुन्हा ताटात बघायला लागला होता.

ते हसणं तिला झोंबलं. एवढं झोंबलं, की दुसऱ्याच दिवशी ती थेट नणंदेकडे गेली. नणंद म्हणजे ऑपरेटरची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच घरी बसलेली. सगळे तिला ताई म्हणत. ताईनं ऐकून घेतलं, भुवया वर केल्या. मग म्हणाली, "दुपारी येत जा. सकाळी नको, सकाळी मला कामं असतात."

"आणि ताई, यांना कळता कामा नये. पास झाले तर मीच सांगेन. नाही झाले तर ही गोष्ट तुमच्या-माझ्यात."

ताईनं कपाळाला हात लावला होता. चिंगीला वाटलं, आपल्याला शिकवायचं म्हणून लावला असेल.

पण शिकवायला ताई बहाद्दर होती. पट्टीखाली खोडरबर ठेवून तरफ दाखवायची. टेकू वजनाच्या जवळ सरकवला की एका बोटानं जाड शब्दकोश कसा उचलला जातो ते करून बघायला लावायची. दार बिजागरीजवळ ढकलून बघ म्हणायची, मग कडीजवळ ढकलून बघ म्हणायची. चिंगी दार ढकलायची आणि स्वतःशीच हसायची. एवढी वर्षं दारं उघडली, कधी मनात आलं नाही! पट्टा आणि चाकांचा धडा आला तेव्हा तर तिला शिकवावंच लागलं नाही. पायानं मोठं चाक फिरवून वरचं लहान चाक भिरभिरवण्यात तिचा जन्म गेला होता. अडायचं ते कप्प्यांपाशी. चित्रात चार-पाच चाकं आली की ती बावचळायची. मग ताई पेन्सिल आपटून म्हणायची, "चाकं कशाला मोजतेस? चाकं नुसती गरगरतात. ओझं कुणी धरलंय? दोरांनी. मग दोर मोज!"

परीक्षा एका शाळेत होती. चिंगी वेळेआधी पोचली, आपला नंबर शोधून पुढच्या रांगेतल्या बाकावर बसली. पर्यवेक्षक बाई करड्या होत्या. कुणाजवळ पिशवी नको म्हणाल्या. मागच्या दाराशी शिपाई उभा होता. येणाऱ्याची पिशवी काढून घ्यायचा आणि मधूनमधून त्या सगळ्या आणून फळ्याखालच्या टेबलावर ठेवायचा. मागे बाकांवर माणसं येऊन बसल्याचे आवाज येत होते. चिंगी मान वळवून बघत नव्हती. ती मनात दोर मोजत होती.

शिपायानं शेवटचा ढीग आणून टेबलावर ठेवला. वरचीच पिशवी निळी होती, आणि तिला लाल चेन होती.

चिंगीला आधी मौज वाटली. निळ्या पिशवीला लाल चेन! घरच्या पिशवीची चेन तुटली तेव्हा शिवणाच्या डब्यात दुसरा रंगच नव्हता, म्हणून तिनं लाल लावली होती. नवरा कुरकुरला होता, कारखान्यात सगळे चिडवतात म्हणून. असा दुसराही कुणी आहे म्हणायचा. मग तिची नजर चेनीच्या टोकाशी गेली. तिथं तिनं स्वतःच्या हातानं दुहेरी टाका घातला होता, आणि संपत आलेला दोरा म्हणून शेवटचे टाके पांढरे घातले होते. ते पांढरे टाके तिथं होते.

काल-परवा नाही, आज सकाळी तिनं ही पिशवी भरली होती. मग ती इथं कशी आली? चोरीला गेली? त्यांना रस्त्यात काही झालं का?

ती मागे वळली.

शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ, ऑपरेटर बसला होता. कामावर घालतो तो शर्ट, हातात पेन्सिल. तो तिच्याकडेच बघत होता. तोंड अर्धवट उघडं, चेहरा चुन्यासारखा पांढरा. एवढ्या वर्षांच्या संसारात चिंगीनं त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. त्याचे वडील गेले तेव्हाही नाही.

"मागे बघायचं नाही!" पर्यवेक्षक बाई कडाडल्या. घंटा झाली. प्रश्नपत्रिका समोर पडली.

चिंगीनं पहिला प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. अक्षरं ओळखीची होती, अर्थ लागत नव्हता. आज पाळी आहे त्यांची. मग इथं कसे? रजा काढली? मग डबा का नेला? उशीर होईल असं का म्हणाले? एकेक प्रश्न उठत होता आणि एकाचंही उत्तर कागदावर छापलेल्या चार पर्यायांत नव्हतं. पाठीला त्याची नजर टोचत होती.

मग काय झालं ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. डोकं बंद पडलं आणि हात चालू झाला. पट्ट्याला तिढा घातला तर दुसरं चाक कुठल्या दिशेला फिरेल? उलट्या. हाताला ठाऊक होतं, हातानं खूण केली. एक टाकी रुंद, एक अरुंद, पाणी सारख्याच उंचीचं. तळाशी दाब कुठे जास्त? दोन्हीकडे सारखाच. धावती गाडी एकदम थांबली तर आतला माणूस कुठे पडेल? पुढे. ती स्वतःच त्या घटकेला तशी पडत होती. जग थांबलं होतं आणि ती अजून सकाळच्याच वेगानं पुढे चालली होती. शिवणयंत्रावर मन भलतीकडे असलं तरी शिवण सरळ येते, तसं तिनं ते सगळं ओळीनं सोडवत नेलं आणि शेवटच्या पानावर आली. मागून पेन्सिलीचा आवाज येत होता, पण तो कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता.

उत्तरपत्रिका गोळा झाल्या. दोघं वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडली आणि अंगणातल्या नळापाशी समोरासमोर आली.

"तू इथं काय करतेस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही इथं काय करताय? पाळी आहे ना आज?"

ऑपरेटरनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पाळी नाही."

"म्हणजे बदलून घेतली?"

"पाळीच नाही, चिंगे. यंत्र नवीन आलं. त्याला माणूस लागत नाही. आमचा सगळा विभाग काढला."

"कधी?"

त्यानं नळाकडे बघत सांगितलं. चिंगीनं मनात मागे जाऊन पाहिलं. म्हणजे मुलगी सुट्टीला आली होती त्याच्याही आधी. म्हणजे सगळी मिळून फिरायला गेली होती, तेव्हाही. म्हणजे "आज साहेब काय म्हणाला" म्हणून त्यानं जेवताना सांगितलेला किस्सा, ज्यावर ती ठसका लागेपर्यंत हसली होती, तो...

"तो साहेबाचा किस्सा?"

"जुना होता. खूप वर्षांपूर्वीचा."

ती नळाच्या ओट्यावर मटकन बसली. "आणि पगार?"

"निघताना कंपनीनं दिलं होतं थोडं. आणि दुपारी बाजारात पोती उतरवतो."

पोती. गेले कित्येक दिवस त्याचे शर्ट खांद्यावर विरत होते. एकामागून एक शर्ट ती रफू करत होती आणि कारखान्याच्या धोब्याला शिव्या घालत होती. बटणं दाबणाऱ्या माणसाचा शर्ट खांद्यावर कसा झिजेल, एवढं तिच्या डोक्यात येऊ नये? ती, जिला शिवण बघून अंगाचं माप कळतं! तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आधी स्वतःचीच लाज वाटली. मग राग आला.

"सकाळी कुठे जात होता? बाजार तर दुपारी म्हणता."

तो काही बोलणार एवढ्यात घामाघूम झालेला एक जाडगेला उमेदवार हातातली प्रश्नपत्रिका नाचवत आला. सबंध अंगणभर तो लोकांना विचारत फिरत होता. "साहेब, बाई, या कप्पीच्या प्रश्नाला काय लिहिलंत? मी चार चाकं आहेत म्हणून चौथा हिस्सा जोर लिहिला."

"चाकं कशाला मोजता!" ऑपरेटर आणि चिंगी एकाच दमात म्हणाले. "चाकं नुसती गरगरतात. ओझं कुणी धरलंय? दोरांनी. मग दोर मोजा!"

जाडगेला गृहस्थ चपापला आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत "तीन दोर आहेत होय" असं पुटपुटत तिथून सटकला.

चिंगी आणि ऑपरेटर एकमेकांकडे बघत राहिले.

"ताई?" चिंगी म्हणाली.

"ताई," तो म्हणाला. "सकाळी. तू?"

"दुपारी."

ताईच्या घरापर्यंत दोघं चालत गेली. तो पुढे, ती मागे. मग ती पुढे, तो मागे. ताईनं दार उघडलं, दोघांना एकत्र उंबऱ्यात पाहिलं, आणि तिच्या हातातला चष्मा खाली पडला. उचलायलाही ती वाकली नाही.

"एकाच वर्गात आलात?" तिनं विचारलं.

"एकाच वर्गात," चिंगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "ताई, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. यांची नोकरी गेली हे ठाऊक होतं. मी रोज दुपारी त्या टेबलावर बसत होते. सकाळी हे ज्या खुर्चीत बसले, त्याच खुर्चीत! एकदा तरी तोंडातून काढायचंत!"

"कसं काढू?" ताई खुर्चीत बसली. "हा आधी आला. आईची शपथ घातली. म्हणाला, बायकोला कळलं तर मी घरी तोंड दाखवणार नाही. नंतर तू आलीस. तूही तेच म्हणालीस, याला कळता कामा नये. मला वाटलं, नंबर लांब लांब येतील, शाळा वेगळ्या मिळतील. रोज वाटायचं आज सांगावं. तुझा खोडरबर त्याच्यासमोर राहायचा, त्याची पेन्सिल तुझ्यासमोर. मी आपली उचलत बसायचे. माझं रक्त आटलं गं या वयात."

"तुम्हाला आमच्यावर हसू आलं असेल."

"हसू?" ताईचे डोळे भरले. "तुम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी एकमेकांपासून लपत होता. मला रात्र रात्र झोप नव्हती."

ताई रडली म्हणून चिंगीचं रडू अडलं. ऑपरेटर दाराशीच उभा होता, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. ताईनं नाक पुसलं आणि जुन्या सवयीनं विचारलं, "पेपर कसा गेला?"

"मला आठवत नाही," चिंगी म्हणाली.

"मी सोडवलाच नाही," ऑपरेटर म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"पहिले पाच-सहा प्रश्न केले असतील. मग कागदावर काही दिसेचना. पेन्सिल नुसती गिरवत बसलो. हिचा अंबाडा दिसत होता समोर. वाटत होतं, आता ही उठेल, सगळ्यांसमोर विचारेल. आणि ही आपली लिहितेय. पान उलटतेय, लिहितेय. मला वाटलं, मी हिला ओळखतच नाही."

"मला तुमच्याबद्दल तेच वाटत होतं," चिंगी म्हणाली.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. भांडण झालं असतं तर बरं, असं चिंगीला वाटे. भांडणाला तोंड असतं, शेवट असतो. इथं नुसता धक्का होता, आणि तो घरात पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला होता. ऑपरेटर आता सकाळी घरीच असायचा. यंत्रावर बसलेल्या चिंगीला तो अचानक स्वयंपाकघरातून येताना दिसला की ती दचकायची. तोही दचकायचा. बोलणं चहा आणि किल्ल्यांपुरतं. तिच्या मनात येई, नोकरी जाणं समजू शकते मी. पण रोज दारात मी "सांभाळून जा" म्हणायचे, आणि हा मान डोलवायचा. ते मान डोलवणं कसं जमलं याला?

एकदा तिनं विचारलंच. तो कांदा चिरत होता. सुरी थांबली.

"जमत नव्हतं. कोपऱ्यावर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसायचो जरा वेळ. मग ताईकडे जायचो." पुन्हा सुरी चालवत म्हणाला, "तू अर्जाचं विचारलंस तेव्हा मी हसलो ना, तेव्हा माझा स्वतःचा अर्ज भरून झाला होता. घाबरून हसलो मी. वाटलं, तुला कळलं सगळं."

चिंगीनं सुई खाली ठेवली. एवढे दिवस ते हसणं तिनं काट्यासारखं जपलं होतं. त्याच्याच जोरावर तर ती रोज दुपारी उन्हातून ताईकडे चालत गेली होती. आता ते हसणं हसणंच नव्हतं म्हणे. तिला काय वाटायला हवं तेच तिला कळेना. "कांदा बारीक चिरा," एवढंच ती म्हणाली.

निकाल खात्याच्या कार्यालयाबाहेर लागला. दोघं गेली. फलकासमोर ही गर्दी; ऑपरेटर उंच, त्यानं टाचा उंचावून पाहिलं. चिंगी मागे उभी राहून त्याच्या मानेकडे बघत होती. मान हलेना.

"काय झालं? सांगा तरी."

तो वळला. तोच चेहरा, शेवटच्या बाकावरचा.

"चौथी आहेस," तो म्हणाला. "अगं, सबंध यादीत चौथी."

"आणि तुमचा नंबर?"

"माझा कुठून असणार?"

चिंगीला आनंद झाला नाही. तिनं त्याचा दंड धरला. "मला नको ही नोकरी. तुमचा हक्क होता. मी नसते आले तर तुम्ही पेपर सोडवला असतात."

"आणि मी आलो होतो तरी तू सोडवलास!" तो एवढ्यानं ओरडला, की पुढची माणसं वळून बघायला लागली. बरेच दिवसांनी त्याचा आवाज चढला होता. "माझ्यावर उपकार करू नकोस, चिंगे. ताईनं मलाही तेच शिकवलं. मला बसल्या जागी फेफरं भरलं, तुला नाही. पंपघरात पाणी अंगावर आलं तर तिथं कोण हवंय त्यांना? आत जा आणि कागद दाखव."

ती आत गेली. खिडकीमागच्या कारकुनानं तिचं नाव तपासताना विचारलं, "आधी कुठं यंत्रावर होता?" ती म्हणाली, "घरी." कारकुनानं मान वर करून पाहिलं नाही, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

पंपघराचा पहिला दिवस तिला आयुष्यात विसरता येणार नाही. मोटारी सुरू झाल्या तशी पायाखालची फरशी थरथरली आणि तिच्या तोंडून चक्क किंकाळी निघाली. तिथली जुनी कामगारीण खो खो हसली. म्हणाली, "होईल सवय. मी तर पहिल्या दिवशी बाहेर पळाले होते." दुपारपर्यंत चिंगी लांब पान्यानं झडप फिरवायला शिकली, आणि पाना टोकाशी धरायला कुणाला सांगावं लागलं नाही.

ऑपरेटरनं पोती सोडली, पण दुसरी नोकरीही चटकन मिळाली नाही. तिचं शिवणयंत्र तो दुरुस्त करायचाच. हळूहळू आसपासच्या शिंप्यांची यंत्रंही यायला लागली. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही, यावर ताईचं आणि त्याचं रोज वाजायचं.

धक्का मात्र पुरता गेला नाही. कामावरून येताना रस्त्यात उंच माणसाची पाठ दिसली की चिंगीच्या छातीत अजून धस्स व्हायचं. हे तिनं त्याला एका संध्याकाळी सांगून टाकलं. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर आला आणि आपला सबंध दिवस सांगायला लागला. सकाळी दूधवाल्याशी वाद झाला. मग एका यंत्राचा पट्टा बदलला, तो आखूड निघाला, पुन्हा बाजारात गेलो. तिथून ताईकडे. ताई नव्हती, कुलूप होतं, म्हणून परत. मग झोपलो, फार वेळ झोपलो.

"एवढं सगळं नको सांगायला," चिंगी म्हणाली.

"ऐक गं. झोपेतून उठलो, तर चहाची पावडर संपलेली."

"बरं, मग?" ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली.